पाण्याची प्रश्नावली आणि ऑटोवरची मोटर

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘भूजलाविषयी लोकमानस आणि शिक्षण कार्यक्रमाची आखणी’. आखणीकडे येतोच, पण आधी एका प्रश्नाचा समाचार घेतो. ‘पाणी जपून वापरणे आपणांस महत्त्वाचे वाटते का?’ पाण्याचं सर्वेक्षण म्हटलं की हा प्रश्न येतोच. याला ‘नाही’ म्हणणारं कुणी सभागृहात असेल तर हात वर करा. (हशा) बघा! घरी बसून भरता येईल असं उत्तर आणायला जीप काढून गावोगाव कशाला फिरायचं? मग अहवालात येतं, ‘जनजागृती समाधानकारक’. आणि त्याच गावात मार्चपासून टँकर!

याचं धाकटं भावंड म्हणजे ‘दररोज किती लिटर पाणी वापरता?’ लिटरने कोण मोजतं हो? हंडे विचारा, कळश्या विचारा, दोनशे लिटरचं टिपाड किती दिवस पुरतं ते विचारा. मात्र त्या गावचा हंडा आधी मोजून घ्या. कुठे तो 12 लिटरचा असतो, कुठे 15 चा. तसंच ‘भूजल पातळी कोणत्या महिन्यात खालावते?’ असं विचारू नका. मोटर दोन वेळांवरून एका वेळेवर कधी येते, संक्रांतीला, शिमग्याला की आखाजीला? (पुणेकरांसाठी: अक्षय्य तृतीयेला.) उत्तर लगेच मिळतं आणि पडताळताही येतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. त्या नोंदींशेजारी लोकांची उत्तरं ठेवून बघा.

आता ते ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच रकाने. दारी आलेल्या माणसाला चहा पाजून वर ‘असहमत’ कोण म्हणेल? त्यात सरपंच खाटेवर शेजारी बसलेले. सगळं ‘हो ना, बरोबर आहे’. म्हणून निम्मी विधानं उलटी घाला, म्हणजे ज्यांना ‘असहमत’ म्हणणंच अपेक्षित आहे अशी. ‘बोअर जितकं खोल, तितकं पाणी खात्रीचं.’ आपल्या राज्याचा चार पंचमांश भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या दगडाचा. पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि फटींत. खाली अखंड काळा पाषाण लागला की बहुतेकदा नुसती धूळ उडते. किंवा ‘जमीन माझी, तर खालचं पाणीही माझंच.’ याला अडाणीपणा म्हणू नका. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातच त्याचं मूळ आहे. 2009 चा भूजल कायदा 60 मीटरपेक्षा खोल विहिरींबद्दल बोलतो, हे मात्र गावात किती जणांना माहीत आहे, ते जरूर विचारा.

फॉर्मवर ‘पाणीटंचाई सर्वेक्षण’ असा मथळा नको. टँकर मिळणार या आशेने टंचाई दुप्पट होते. उलट दिवाळीनंतर लगेच गेलात, तर टंचाई नावालाही सापडत नाही. एकच फेरी शक्य असेल तर मार्च-एप्रिल धरा.

चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं. (हशा) तर आखणी.

नमुना: चारशे घरांच्या गावात दहा टक्क्यांची चूक चालवून घ्यायची असेल तर 78 घरं पुरतात. पण ती चावडीजवळची नकोत. यादीतून दर पाचवं घर घ्या, वाड्या-वस्त्यांसकट. कुलूप असेल तर शेजारच्या घरावर भागवू नका, संध्याकाळी परत जा. घरातलं पाणी जी भरते तिच्याशी वेगळं बोला; मोटरचे प्रश्न तेवढे मोटर चालवणाऱ्याला.

मग उत्तरांचे दोन गठ्ठे करा: ‘माहीत नाही म्हणून करत नाहीत’ आणि ‘माहीत आहे, तरी करत नाहीत’. शिक्षण कार्यक्रम फक्त पहिल्या गठ्ठ्यासाठी असतो. खोल बोअरचा गैरसमज, न तपासलेल्या पाण्यातलं फ्लोराइड, नायट्रेट, हे त्यात येतं. तिथे पत्रक वाटू नका. गावातल्याच खोदलेल्या विहिरीची कड दाखवा, मुरूम कुठे संपतो ते बोट ठेवून.

दुसऱ्या गठ्ठ्यात ऑटो स्टार्टर. लाइट रात्री येते, म्हणून शेतकरी मोटर ऑटोवर ठेवून झोपतो. लाइट आली की मोटर आपोआप सुरू, सरी भरून बांध फुटला तरी चालूच. पाणी वाया जातंय हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याला घोषवाक्य देऊन काय उपयोग? टायमर हवा, दिवसा लाइट हवी. ते अहवालात वेगळ्या पानावर लिहा आणि वीज कंपनीकडे धाडा, शिक्षण विभागाकडे नको.

वर्षाने तीच घरं, तेच प्रश्न, शब्दही तेच. आणि कार्यक्रम न झालेल्या शेजारच्या एका गावातही दोन्ही वेळा विचारा, नाहीतर त्या वर्षीच्या चांगल्या पावसाचं श्रेय तुमच्या पथनाट्याला जाईल. फॉर्म दोन पानांचा ठेवा. चौथ्या पानावरची उत्तरं सर्वेक्षकच भरतो.