कळा आणि कढत पाणी

(मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं कापून-सांधून.)

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेत ‘पाण्यातलं बाळंतपण’ हा विषय छापून आल्यापासून तीन काकांनी मला बाजूला घेऊन विचारलंय, “बाळ बुडत नाही का गं?” सांगते. पण आधी नाशिकला जाऊन येऊ.

माझी थोरली १३ सप्टेंबर २०१५ची. नाशिककरांना तारीख आठवेल, सिंहस्थातलं दुसरं शाही स्नान. मी पहिलटकरीण, माहेरी पंचवटीत. गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेले, रिक्षा बंद, आणि पहाटे कळा सुरू. गाडी सोडा म्हणून बाबा पोलिसांची मनधरणी करायला धावले. तोवर आईने मला न्हाणीत पाटावर बसवलं, बंबातलं पाणी घंगाळात काढलं आणि तांब्यातांब्याने कमरेवर ओतत राहिली. कळ जायची नाही, पण तिचं टोक बोथट व्हायचं. मी पाटाची कड धरून डोळे मिटून बसले होते. आईही गप्प. नुसता तांब्या घंगाळाला लागल्याचा आवाज. अख्ख्या बाळंतपणातला तो पाऊण तास मला बरा गेला.

पुढे हॉस्पिटल. नाव घेत नाही, कारण दुसरीकडे काही वेगळं घडलं असतं असं मला वाटत नाही. आई दाराबाहेर बाकावर, नवरा तर त्याहून लांब. मी उताणी टेबलावर, पाय वर अडकवलेले. मी सिस्टरना म्हटलं, थोडं गरम पाणी मिळेल का, कमरेवर घ्यायला? त्या म्हणाल्या, “कळा सुरू झाल्यावर आंघोळ कसली करताय?” त्या दिवशी नाशकात लाखो माणसं गंगेत डुबक्या मारत होती (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो), आणि मला बादलीभर पाणी मिळेना! डॉक्टर वाईट नव्हते हो. मुलगी सुखरूप, मीही सुखरूप. पण ते आठ-नऊ तास माझ्याशी कोणी बोललं नाही, माझ्याबद्दल मात्र सगळे बोलत होते.

गंमत पुढेच आहे. घरी आल्यावर बाळंतीणबाई यायला लागल्या. तेल चोळून अंगावर इतकं कढत पाणी की पाठ लाल व्हायची. सव्वा महिना रोज. कमरेला पाणी, पोटाला शेक, धुरी, शेपा, डिंकाचे लाडू. मी मनात म्हणायचे, अहो, हे पाणी कळा येत होत्या तेव्हा कुठे होतं?

आता इथली, परदेशातली गोष्ट. धाकट्याच्या वेळी इथल्या मिडवाइफने, म्हणजे शिकलेल्या सुईणीने, तपासणीत सहज विचारलं, “पाण्यात राहायला आवडेल का?” मी घरी फोनवर सांगितलं, तर मावशी म्हणाली, “म्हणजे घंगाळात बाळंत होणार तू?” साधारण तसंच. घंगाळ मोठं, इतकंच.

हे खूळ कालपरवाचं नाही. फ्रान्समध्ये पिथिव्हिए गावच्या रुग्णालयात मिशेल ओदाँ या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात प्रसूतिकक्षात पाण्याचा हौद ठेवला, तो कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून. काही बायका ऐन वेळी बाहेर यायलाच तयार होईनात. अशा शंभर बाळंतपणांचा अहवाल त्यांनी १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. ब्रिटनमध्ये १९९२ साली संसदेच्या आरोग्य समितीने शिफारस केली की शक्य तिथे रुग्णालयांनी बाईला ही सोय द्यावी.

काका, आता तुमचं उत्तर. बाळाला प्राणवायू नाळेतून मिळत असतो. चेहऱ्याला हवा लागली की ते पहिला श्वास घेतं. म्हणून ते पाण्यात आलं की लगेच, हळूच वर आणतात आणि एकदा वर आलेला चेहरा पुन्हा पाण्याखाली जाऊ देत नाहीत. नाळ आखूड असेल तर ओढ बसून तुटू शकते, म्हणून घाई नाही, हिसका नाही. पाणी साडेसदतीस अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर आईचं अंग तापतं आणि बाळाचे ठोके वाढतात. आणि हे सरसकट सगळ्यांसाठी नाही. दिवस भरलेले, बाळ डोक्याकडून, एकच, आईला काही गुंतागुंत नाही, तरच.

४ ऑगस्ट २०१९, रविवार. थोरली याच मंडळातल्या एका काकूंकडे झोपलेली. मी हौदात, नवरा काठाशी, आई खुर्चीत. तिकडे नाशकात पूर. बाबा आईला फोनवर पाणी कळवतायत. नाशिकचा पूर फुटात मोजत नाहीत, गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. “कमरेला आलं.” “छातीला आलं.” इकडे मिडवाइफ नळ सोडून म्हणते, पोट पूर्ण बुडायला हवं, छातीपर्यंत येऊ दे. आई एकदा फोनकडे बघते, एकदा माझ्याकडे.

मिडवाइफची तयारी बघण्यासारखी होती. पाण्यात तरंगणारा थर्मामीटर, पाण्यातही चालणारं ठोके ऐकायचं यंत्र, एक आरसा, एक विजेरी आणि एक जाळीची चाळणी. आईने डोळ्यांनीच विचारलं, ही कशाला? कळा देताना पाण्यात जे काही येतं ते काढायला. आई म्हणाली, “बरोबर आहे, झारा लागणारच.” पुढे ती तिला सुईणबाईच म्हणत राहिली.

दुखलं का? दुखलं. ‘वेदनारहित’ वगैरे जे व्हॉट्सअॅपवर फिरतं ना, त्यावर विश्वास ठेवू नका. शेवटच्या तासाला मी मराठीत शिव्या दिल्या, नवऱ्याने त्या भाषांतरित केल्या नाहीत. पण पाण्यात अंग हलकं होतं. मला वळता येत होतं, गुडघ्यांवर येता येत होतं, काठावर डोकं टेकता येत होतं. कोणी “पाय फाका” म्हणून ओरडलं नाही. सुईणबाई पंधरा मिनिटांनी ठोके ऐकायच्या, नंतर नंतर पाच मिनिटांनी, बाकी हात बाजूला.

सकाळी आठच्या सुमारास बाबांचा फोन, मारुती बुडाला. पाठोपाठ धाकटा आला, माझ्याच हातात. रडला नाही. डोळे उघडून बघत होता. आई उठून उभी, “रडत का नाही? रडत का नाही?” सुईणबाईंनी त्याची पाठ हलकेच पुसली आणि आईला त्याची छाती दाखवली, वरखाली होत होती. जांभळ्याचा गुलाबी झाला. वार पडायला मला बाहेर पलंगावर आणलं.

आता दुसरी बाजू. २०१८ साली पंधरा चाचण्या, साडेतीन हजारांहून जास्त बायका, असा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. कळा येत असताना पाण्यात राहिलं तर पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनची गरज थोडी कमी पडते आणि बाळाला त्यामुळे जास्त धोका दिसत नाही, असं त्यात आहे. पण प्रत्यक्ष जन्म पाण्यात व्हावा का, याबद्दल अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना अजून सावध आहे. कळा पाण्यात काढा, बाळ बाहेर होऊ द्या, असं ती म्हणते. माझ्या एका मैत्रिणीला हौदातून बाहेर काढावं लागलं, बाळाने पोटातच शी केली होती. बाळंतपण पलंगावर झालं, नीट झालं, तरी ती वर्षभर “माझं जमलं नाही” म्हणत होती. त्यात जमायचं काय होतं? तिने पाच तास पाण्यात कळा काढल्या, तो भाग कोणी काढून घेतला नाही ना!

परवा नाशिकला माझी मावसबहीण बाळंत झाली. हौद वगैरे काही नव्हता. आई सोबत गेली आणि दारातच सिस्टरना विचारलं, “गरम पाणी मिळेल का?” सिस्टर म्हणाल्या, “गिझर आहे की, मावशी. कोणी मागत नाही.” डॉक्टरांना विचारून मग बहीण प्लास्टिकच्या स्टुलावर बसली आणि आई तासभर हँडशॉवर धरून तिच्या कमरेवर पाणी सोडत होती. संध्याकाळी घरी आली ती साडीचा पदर पिळतच.