वेड्या राघूचा हिशेब

पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या उतारावर, तारेवर बसलेला हा हिरवा पक्षी वेडा राघू आहे आणि त्याच्या चोचीत आहे तो चतुर नावाचा कीटक. नावांतली ही गंमत आमची नव्हे, मराठीची आहे. मधमाशी मिळाली तर ती बसल्या जागी आपटून, घासून, तिची नांगी निकामी केल्यावरच तो तिला गिळतो. त्याची पिले दरडीच्या मातीत कोरलेल्या खोल बिळात आहेत. घास तयार आहे, तरीही तो हलत नाही. मान वळवून आमच्याकडे पाहतो आणि तसाच बसून राहतो.

ही नुसती भीती की त्यामागे काही हिशेब आहे, हा प्रश्न पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला व २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणूस पक्ष्याला दोन्ही वेळा दिसेल, मात्र त्या माणसाला एका जागेवरून बिळाचे तोंड दिसेल आणि दुसरीवरून दिसणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. माणसाला बीळ दिसत असताना राघू आत शिरणे टाळत असत. दिसत नसताना ते अधिक वेळा शिरत.

याला बुद्धी म्हणायचे का? पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ या मानसशास्त्रज्ञांनी १९०५ साली शाळकरी मुलांसाठी बुद्धीची चाचणी तयार केली, ती कोणाला वेगळ्या शिक्षणाची गरज आहे हे ओळखण्यापुरती होती. पुढे १९२३ मध्ये बोरिंग या मानसशास्त्रज्ञाने बुद्धी म्हणजे चाचण्या जे मोजतात ते, अशी व्याख्या केली. व्याख्या प्रामाणिक आहे, पण प्रश्नपत्रिका वाचू न शकणाऱ्या राघूच्या ती काहीच कामाची नाही.

म्हणून वागणुकीकडे पाहावे लागते, आणि तिथे फसगत होते. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजांची उत्तरे देई. प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत होणारी सूक्ष्म हालचाल पाहून तो थांबतो, हे मानसशास्त्रज्ञ फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवले. भल्याभल्या विद्वानांना न दिसलेली हालचाल घोड्याला दिसली, ही आमच्या मते त्याची नापास होण्याची तऱ्हा विलक्षणच म्हणायची. राघूच्या वागण्यामागेही ‘याला काय दिसते’ हा विचार नसून अनुभवातून बसलेला एखादा साधा आडाखा असू शकतो.

आम्ही कॅमेरा उचलून दरडीच्या वळणापलीकडे गेलो. तिथून राघूला आम्ही दिसत होतो, आम्हाला बीळ दिसत नव्हते. थोड्या वेळाने तार रिकामी झाली. तो बिळात शिरतानाचे दृश्य अर्थातच आमच्याकडे नाही.