जुन्या फिल्टरची रिंग

नमस्कार श्रोतेहो. गाडीच्या इंजिनाची घरच्या घरी देखभाल, हा आजचा विषय. चाकं, ब्रेक, दिवे बाजूला ठेवू. आज फक्त बॉनेट उघडायचं, आणि त्यातही मुख्यतः ऑइल बघायचं.

आधी पातळी. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. वर चढलेलं ऑइल खाली उतरू द्या. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची काठी, ओढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा ओढा. पहिल्या खेपेला दिसतं ते धरू नका, नळीला लागलेलं ऑइल काठीला माखलेलं असतं. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. बऱ्याच गाड्यांत त्या दोन खुणांमध्ये साधारण एक लीटर बसतं, तेव्हा पाव-पाव लीटर घालून बघत जा. वरच्या खुणेच्या पुढे गेलात तर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने बेअरिंगचं वंगण होत नाही.

काही नव्या गाड्यांत तर डिपस्टिकच काढून टाकली आहे, पातळी पडद्यावर दिसते. याला म्हणे सुधारणा म्हणायचं! ऑइलला जळका वास येतोय का, बोटांत चोळलं तर कचकचतंय का, हे तो पडदा सांगणार आहे का? असो.

आता ऑइल बदलणं. यावरचा एक किस्सा गॅरेजमध्ये नव्या पोरांना हटकून ऐकवतात. एका गृहस्थांनी सुट्टीच्या दिवशी हे काम काढलं. माणूस व्यवस्थित. इंजिन कोमट केलं, म्हणजे ऑइल पातळ होऊन भराभर उतरतं. गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, कधीही नाही. ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल काढायचं खालचं बूच, काढला, ऑइल भांड्यात उतरू दिलं, प्लगला नवा वायसर घालून तो परत बसवला. जुना ऑइल फिल्टर, म्हणजे ऑइल गाळणारा डबा, खोलला. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल लावलं, फिल्टर हातानेच फिरवला, रिंग टेकल्यावर आणखी पाऊण फेरा आवळला. गाडी खाली घेतली, पुस्तकात लिहिलं होतं तेवढं नवं ऑइल मोजून भरलं आणि किल्ली फिरवली.

ऑइलचा लाल दिवा क्षणभर दिसला, विझला. इंजिन छान चालू. गृहस्थ हात पुसतायत तोवर खालून फस्स् असा आवाज, आणि बघता बघता गाडीखाली नव्या ऑइलचं तळं! लाल दिवा पुन्हा पेटला. त्यांनी झटकन इंजिन बंद केलं.

फिल्टर सैल राहिला असेल म्हणून हात लावून पाहिला, तर घट्ट. खोलला, आणि रिंगा निघाल्या दोन. जुन्या फिल्टरची रिंग उष्णतेने इंजिनाच्या बैठकीला चिकटून राहिली होती, नवा फिल्टर तिच्यावरच आवळला गेला. नव्या रिंगला फिल्टरमध्ये खाच असते. मधल्या जुन्या रिंगला धरून ठेवायला काहीच नसतं. थंड, घट्ट ऑइल पंपाने जोरात रेटलं की ती बाजूला सरकते. हे रस्त्यावर झालं असतं आणि दिव्याकडे लक्ष गेलं नसतं, तर काही मिनिटांत बेअरिंग जाम होऊन इंजिन बसलं असतं.

पुन्हा सांगतो. जुना फिल्टर हातात आला की आधी त्याची रिंग बघा. रिंग फिल्टरवर नसेल तर ती इंजिनावर आहे. ती नखाने काढा, बैठक फडक्याने पुसा, मगच नवा फिल्टर. आणि फिल्टर आवळायला पाना नको, हात पुरतो.

वेळ थोडा राहिलाय. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा, उजेड आरपार दिसला नाही तर बदला. हवा मारायचीच तर स्वच्छ बाजूने, नाहीतर धूळ कागदात आणखी आत बसते. रेडिएटरचं टोपण इंजिन गरम असताना उघडायचं नाही. आत दाब असतो, तो सुटला की उकळतं पाणी तोंडावर येतं. बॅटरी काढताना काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर आधी सोडा, आणि जोडताना ती शेवटी.

डिझेलवाल्यांनो, नवं ऑइल लगेच काळं पडलं तर घाबरू नका, ती काजळी आहे. पण डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं आणि शिवाय कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, कमी होत असेल, तर बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालची सील, गेलंय. गाडी चालू करू नका, ओढून गॅरेजला न्या. नमस्कार.