झोपेत दात खाता का? शेजारी झोपणाऱ्याला विचारा

नमस्कार, श्रोतेहो. झोपेत दात खाणारं मूल घरात असलं की आजी म्हणते, "पोटात जंत झालेत." जंत झाले असतील तर औषध जरूर द्या, पण दात खाण्याचा जंतांशी संबंध सिद्ध झालेला नाही. लहान मुलांची ही खोड बहुधा वाढत्या वयाबरोबर आपोआप सुटते. मोठ्यांचं मात्र तपासावं लागतं.

माझ्याकडे एक गुरुजी आले होते. सकाळी उठलं की कानशिलं ठणकायची. चष्म्याचा नंबर तपासून झाला, पित्ताच्या गोळ्या घेऊन झाल्या. तोंड उघडायला लावलं, तर सुळ्यांची टोकं घासून सपाट, जिभेच्या कडेला दातांचे वण, एका दाढेला बारीक चीर. विचारलं, "गुरुजी, झोपेत दात खाता?" "छे हो, मुळीच नाही!" दाराशी उभ्या असलेल्या वहिनी पुढे आल्या. "अहो, नाही काय? रात्री अडकित्त्यानं सुपारी कातरल्यासारखा आवाज येतो. सासूबाईंनी वावडिंगाचा काढासुद्धा पाजला." मी विचारलं, "घोरतात का?" "घोरतात ना! आणि मध्येच श्वास थांबतो. मी घाबरून हलवते, तेव्हा कुठे सुरू होतो." हे ऐकल्याबरोबर मी दाढ बाजूला ठेवली आणि त्यांना झोपेच्या तपासणीला पाठवलं. झोपेत श्वास अडण्याचा विकार निघाला. रात्री श्वासाची वाट उघडी ठेवण्यासाठी दाबानं हवा सोडणारा मास्क नाकावर लावून झोपायला लागल्यावर घोरणं थांबलं, कानशिलं शांत झाली, दात खाणंही पुष्कळ कमी झालं.

सगळ्यांचं कारण हेच असतं असं नाही. ताणतणाव, तंबाखू, दारू, नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनीही दात खाणं वाढतं. गोळ्या मनानं बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. संध्याकाळनंतरचा चहाही टाळा. माझं तर मत आहे, रात्री नऊला आलेल्या पाहुण्याला चहाचा आग्रह करण्याची आपली रीत आता बंदच व्हावी. कोमट दूध द्या, गप्पा तेवढ्याच रंगतात.

पुन्हा सांगते, दात खाणाऱ्याला स्वतःला बहुतेक वेळा पत्ता नसतो. शेजारी झोपणाऱ्याला विचारा, आणि घोरणं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

दंतवैद्य मापाचा नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं आवरण, करून देतात. त्यानं दात खाणं थांबतंच असं नाही, पण दात झिजायचे वाचतात. तो रोज सकाळी गार पाण्यानं धुवा. गरम पाण्यानं त्याचा आकार बिघडतो.