बरन : माती चोरणाऱ्यांचा मुलूख

नमस्कार श्रोतेहो. आज आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर काउंटीतल्या बरन नावाच्या खडकाळ मुलखात जाऊ. तिथली जुनी जमीनवाटणी म्हणजे बॅरनी. आपल्या तालुक्यासारखी म्हणा. वर काउंटी, खाली पॅरिश, तळाला टाउनलँड. बॅरनीला बॅरन, म्हणजे सरदार, लागत नाही बरं का! गेलिक, म्हणजे मूळच्या आयरिश, घराण्यांचे मुलूख होते, त्यांच्यावरच इंग्रज सरकारनं हद्दी बेतल्या. बरन ही अशीच एक बॅरनी, ओ'लॉक्लिन घराण्याचा मुलूख.

आता किस्सा ऐका. साल 1651. राजाविरुद्ध लढलेल्या इंग्रज पुढारी क्रॉमवेलच्या फौजेचा सेनानी एडमंड लडलो दोन दिवसांची मजल मारून बरनमध्ये शिरला. दोनच वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाच्या मृत्युदंडावर सही केलेला हा माणूस. आठवणींत लिहितो, या मुलखाबद्दल असं म्हणतात : इथं माणूस बुडवायला पुरेसं पाणी नाही, फासावर लटकवायला झाड नाही आणि पुरायला माती नाही. पुन्हा सांगतो, पाणी नाही, झाड नाही, माती नाही. फौजी माणूस, त्याला पाणी, झाड, माती आठवणार ती अशाच कामांसाठी! पुढे म्हणतो, माती एवढी दुर्मीळ की लोक ती एकमेकांची चोरतात. दागिना नव्हे, कोंबडी नव्हे, माती! आणि लगेच म्हणतो, गुरं मात्र चांगली लठ्ठ आहेत. खडकांच्या मध्ये दोन-तीन फुटांचे मातीचे तुकडे, त्यांवरचं गवत गोड आणि कसदार. शत्रूच्या मुलखातलं गवत एवढं निरखून पाहणारा सेनानी मला तरी दुसरा ठाऊक नाही.

गोम आहे चुनखडीत. पाऊस भेगांतून खाली जातो, आणि उन्हाळ्यात तापलेला खडक थंडीतही ऊब धरतो. म्हणून इथले शेतकरी गुरं हिवाळ्यात डोंगरावर नेतात, उन्हाळ्यात खाली आणतात. हिवाळ्यात वर, उन्हाळ्यात खाली; इतरत्र असतं त्याच्या नेमकं उलट. दांडगं गवत गुरांनी खाल्लेलं असतं, म्हणून मे महिन्यात निळ्या जेन्शनच्या फुलांना जागा मिळते. हल्ली पर्यटक या खडकांवर दगडावर दगड रचून ठेवतात. ही खोड मला कुठंच आवडत नाही, डोंगरावर नाही आणि समुद्रकाठी तर नाहीच.

1898 च्या कायद्यानं बॅरन्यांचा कारभार संपला. नावं जमिनीच्या दस्तांत राहिली. गुरं मात्र अजून चढतात. ऑक्टोबरच्या शेवटी तिथं गेलात, तर ती हाकत नेताना बघायला रस्त्याच्या कडेला ही गर्दी असते. नमस्कार.