कऱ्हाडचा ऱ्ह

(भिंतीवरची मातकट रेघ. कॅमेरा रेघेवरून खाली उतरत टेबलापर्यंत येतो.)

ही रेघ ऑगस्ट २०१९ ची. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. त्या वर्षी पाणी ५७ फूट ६ इंचांवर गेलं. मारुती चौकाजवळच्या या गल्लीत ते शिरलं, तेव्हा दुकानातले दोन्ही कॉम्प्युटर, प्रिंटर आणि कागदाची रिमं खालीच होती. माळ्यावर होत्या त्या फक्त सीडी.

दुकान डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवण्याचं, आणि छपाईचं. मालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, हळदीच्या अडत्यांची बिलबुकं, तासगावकडच्या बेदाण्याच्या पेट्यांची लेबलं, आणि ऑगस्ट-सप्टेंबर आला की विकास सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. पंचवीस वर्षं हेच काम. या भागातल्या किती घरांतलं पहिलं छापील निमंत्रण या टेबलावर जुळलं असेल, त्याचा हिशेब अण्णांनी ठेवलेला नाही. सीडी मात्र सगळ्या ठेवल्यात.

(क्लोज-अप: अण्णांच्या तळहातावर बोटभर लांबीचा, गाळ वाळलेला प्लास्टिकचा तुकडा.)

याला या धंद्यात डाँगल म्हणतात. मराठी फॉन्टचं पॅकेज घेतलं की सोबत हे कुलूप मिळायचं. कॉम्प्युटरच्या मागे लावलं तरच फॉन्ट चालायचे. पुरात हे भिजलं आणि अण्णांचं स्वतःचं, स्वतःच्या हातानं टाइप केलेलं मॅटर त्यांच्याच दुकानात वाचता येईना. नवं कुलूप पैसे मोजून आणलं, ते आलं नऊ दिवसांनी.

अण्णा म्हणतात, "कागद भिजला तर वाळवता येतो हो. हे काय वाळवायचं?"

पुरानंतर कॉम्प्युटर घेतले ते जुनेच, सेकंडहँड. आत इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम. पत्रिका जुळवायला तेवढं भरपूर होतं. मग १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आली. त्या दिवशी विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज इलेव्हनला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. या मशीनमध्ये दोन्ही नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेटची जादा मुदत होती, पण तीही एकाच वर्षाची. चालत्या मशीनला कुणीतरी लांबून सांगावं की तू आता म्हातारं झालंस, अशी ती तारीख. मशीन तर अजून चालत होतं. आजही चालतंय, तुम्ही बघताच आहात.

(रात्र. अर्धं शटर ओढलेलं दुकान. पेन ड्राइव्ह लावणारा हात.)

ही अण्णांची पुतणी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या हातातल्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट आहे, विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम, सुमारे ३ जीबीची फाइल. इन्स्टॉल न करता, नुसत्या पेन ड्राइव्हवरून अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम चालवून बघता येते. हे ठाऊक नसतं म्हणून कितीतरी लोक भिऊन मागे फिरतात. हार्ड डिस्कला हात लागत नाही. पटलं नाही तर पेन ड्राइव्ह काढायचा, मशीन पुन्हा सुरू करायचं, जुनं सगळं जागच्या जागी.

पण त्याआधी तिनं जे केलं ते नीट बघा. सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. एकदा नाही, दोन वेगळ्या डिस्कवर. एक डिस्क दुकानात, दुसरी घरी. पूर पाहिलेल्या घरातली मुलगी आहे ही.

मशीन सुरू करताना एफ-१२ दाबलं, यादीतून पेन ड्राइव्ह निवडला. काळा पडदा, मग हिरवट डेस्कटॉप. वायफाय लागलं. आवाज आला. स्कॅनर सापडला. इन्स्टॉल करताना भाषांची लांबलचक यादी येते. ती सरकवत सरकवत तिचं बोट थांबतं ते ‘मराठी’ या शब्दावर. अण्णा खुर्ची ओढून जवळ येतात, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतात.

"आपल्या भाषेत हाय व्हय हे?"

"आहे ना काका. लोकांनीच केलंय ते, आपल्यासारख्या."

लिनक्सची घोषणा ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानं केली. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत. देवनागरीला जागा देणारं तिचं पहिलं मानकही त्याच वर्षीचं, १९९१ चं. दोन्ही गोष्टी या दुकानाच्या आधीपासून जगात होत्या. या गल्लीत पोचायला त्यांना चौतीस वर्षं लागली.

(स्क्रीन. जुन्या फाइलींची यादी.)

आता खरं काम. दुकान चालायचं तर जुन्या सॉफ्टवेअरच्या जागी काहीतरी हवं. अहवालांची पत्रं आणि तक्ते लिब्रे ऑफिसमध्ये गेले, तिथं फारसं अडलं नाही. कोरल या चित्रं आणि नक्षी काढायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली इंकस्केपमध्ये उघडतात. वेलबुट्टी, गणपती, कलश, चौकटी बऱ्याचशा जशाच्या तशा येतात, कुठं एखादी सावली हरवते. पानांच्या जुळणीसाठी स्क्रायबस. स्क्रायबसची १.४ ही जुनी मालिका आपल्या कामाची नव्हती, तिच्यात जोडाक्षरं जुळतच नसत. ‘नाट्यपंढरी’ लिहा, ‘ट’ एकीकडे, पाय मोडलेला, आणि ‘य’ दुसरीकडे. विष्णुदास भाव्यांच्या गावात असलं छापून कसं चालेल? जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ मध्ये देवनागरी नीट जुळते. ऑफसेटच्या प्लेटला चार रंगांची पीडीएफ लागते, ती इंकस्केपमधून सरळ मिळत नाही. म्हणून चित्र इंकस्केपमध्ये, जुळणी स्क्रायबसमध्ये आणि प्लेटची पीडीएफ तिथूनच, असा रस्ता तिनं पाडला. एकरंगी पावती पुस्तकाला एवढंही करावं लागत नाही.

चौकटी आल्या, कलश आला. मजकूर आला नाही.

(क्लोज-अप: पत्रिकेच्या चौकटीत टोप्या घातलेली परकी अक्षरं, पौंडाची खूण, टिंबं.)

ही एक लग्नपत्रिका आहे. वाचून दाखवा. नाही येणार. फॉन्ट काढून घेतला की जुनी मराठी अशी दिसते.

असं का होतं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल, मिरजेपर्यंत. इथून दहा-बारा किलोमीटर. १८०५ मध्ये मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयानं भगवद्गीता छापली गेली, तांब्याच्या पत्र्यांवर कोरून. पानंच्या पानं उलटी कोरायची. कारागिरी अशी की आजही हात जोडावेत. पण पत्र्यावरचं अक्षर उचलून दुसऱ्या पानात नेता येत नाही, कारण तिथं सुटं अक्षर असं काही नसतं, नुसता आकार असतो. आपल्या जुन्या फॉन्टांचं तसंच होतं. एका फॉन्टात जास्तीत जास्त २५६ खाने. इंग्रजीसाठी ठेवलेल्या त्या खान्यांत देवनागरीचे तुकडे बसवले, इथं काना, तिथं अर्धा ‘त’, पलीकडे रफार. पडद्यावर मराठी दिसायची, कागदावर मराठी उमटायची, आणि कॉम्प्युटरला वाटायचं हे इंग्रजीच आहे. त्यातून प्रत्येक कंपनीचे खाने वेगळे. एकाची वेलांटी ती दुसऱ्याची मात्रा. त्या काळी तेवढंच शक्य होतं, आणि त्यावर महाराष्ट्रातली हजारो पुस्तकं, वर्तमानपत्रं, पत्रिका निघाल्या, हेही खरंच. पण तो मजकूर त्या फॉन्टाच्या, त्या कुलपाच्या आणि त्या एका सिस्टिमच्या बाहेर पडू शकत नाही. सिस्टिम बदलायची भीती लोकांना वाटते ती इथं. मशीन बदलेल हो, पंचवीस वर्षांचं लिहिलेलं कुठं न्यायचं?

(वही. निळ्या पेननं आखलेला तक्ता, दोन रकाने.)

तिनं तक्ता केला. डावीकडे जुन्या फॉन्टाचा खाना, उजवीकडे युनिकोडमधलं खरं अक्षर. अण्णा एकेक खाना बघून सांगतात, ती लिहून घेते. "हा अर्धा श. हा शेंडीवाला नव्हे, गाठीचा." अर्ध्या ‘श’ला किती वेगवेगळे तुकडे असतात, ते अण्णांना तोंडपाठ आहेत. कुठल्याही पुस्तकात ही माहिती मिळाली नसती.

मग तिनं छोटासा प्रोग्राम लिहिला. नुसती अदलाबदल पुरत नाही. ‘पत्रिका’ घ्या. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी आधी टाइप केलेली असते: प, वेलांटी, त्र, का. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे वेलांटी नंतर येते. म्हणजे प्रत्येक वेलांटी उचलून पुढच्या अक्षराच्या मागे ठेवायची, आणि पुढचं अक्षर जोडाक्षर असेल तर संपूर्ण जोडाक्षराच्या मागे. रफाराचं याच्या उलट. ‘कार्यालय’मधला रफार जुन्या फाइलीत ‘य’च्या नंतर असतो, तो ‘य’च्या आधी आणायचा. तीन आठवडे, कॉलेज संपल्यावर रोज संध्याकाळी सात ते दहा. वहीच्या कडेला चहाचे गोल डाग आहेत, मोजून बघा.

(प्रिंटरमधून निघणारा कागद. अण्णांचा हात तो उचलतो.)

पहिली पत्रिका बाहेर आली. २००६ ची. अण्णांनी प्रूफ वाचायला घेतलं. प्रूफ वाचताना ते ओळीखाली लाल पेनाचं टोपण सरकवतात, तेही ओळीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे, म्हणजे अर्थात गुंतून चूक सुटत नाही. टोपण एका जागी थांबलं.

"हे काय? कर्हाड?"

लग्नाचं स्थळ कऱ्हाड होतं. कागदावर ‘ह’च्या डोक्यावर रफार बसला होता. खाली ‘सगेसोयऱ्यांसह’ची तीच गत, ‘सगेसोयर्यांसह’. तक्त्यात तिनं आडवा, चंद्रकोरीसारखा ‘ऱ’ आणि रफार एकाच खान्यात धरले होते. हिंदीसाठी बनवलेल्या कितीतरी साधनांत ही चूक राहून गेलेली असते, कारण हिंदीत हा ‘ऱ’ नाही. आपल्याला तो लागतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे महाबळेश्वरच्या. आचार्यांना नमस्कार वेगळा आणि आचाऱ्यांना पगार वेगळा. एका अक्षरासाठी एवढं काय, असं कुणी म्हणालं तर त्यानं हा ‘ऱ’ पुसून कृष्णाकाठचा एक दिवस बोलून दाखवावा.

(अगदी जवळून: कीबोर्ड. बोटं.)

शिफ्ट धरून जे. मग डी. मग यू. झाला ऱ्ह. हा इन्स्क्रिप्ट कळफलक. लिनक्समध्ये तो आतच असतो, वेगळं विकत घ्यावं लागत नाही, कुलूप लागत नाही. अण्णांची बोटं वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हा नवा कळफलक शिकली. कळफलकाच्या कडेला चिकटवलेली ही पट्टी बघा, तिच्यावर आता फक्त चार अक्षरं उरलीत. बाकीची त्यांनी खरवडून काढली, पाठ झाली तशी.

(रिकामी खुर्ची. खिडकीतून येणारं ऊन.)

इथं अठरा वर्षं टायपिंग करणाऱ्या दादांची बोटं रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळफलकावर बसलेली होती. त्या कळफलकाची सोय लिनक्सवर आहे, पण काही कळा वेगळ्या पडत होत्या. दिवाळीनंतर ते दुसऱ्या प्रेसमध्ये गेले. जुना लेझर प्रिंटर चालला नाही, दुसरा घ्यावा लागला. हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, म्हणून एक मशीन इंटरनेट काढून तसंच ठेवलंय.

(माळा. शिडीवर चढलेली पुतणी पुठ्ठ्याचं खोकं खाली देते.)

आणि या त्या सीडी, पाण्याच्या वर राहिलेल्या. प्रत्येकीवर अण्णांच्या हातचं मार्करनं लिहिलेलं. ‘पत्रिका, मार्गशीर्ष ते वैशाख’. ‘अहवाल, सर्व’. ‘किरकोळ’. काही वाचल्या जात नाहीत, त्यांचा वर्ख सुटलाय. ज्या वाचल्या जातात त्यांतली फाइल आधी डिस्कवर, मग प्रोग्राममधून, मग लाल टोपणाखालून.

तासगावकडच्या एका सोसायटीचे सचिव मागच्या आठवड्यात आले होते. त्यांच्या दप्तराचा काही भाग पावसात गेलाय, २००३ च्या अहवालातली सभासदांची यादी हवी होती. आधी असं कुणी मागितलं की अण्णा सीडी काढायचे, फाइल उघडायचे आणि पानंच्या पानं डोळ्यांनी चाळायचे, कारण त्या मजकुरात शोधताच येत नसे. या वेळी पुतणीनं शोधाच्या चौकटीत मराठीत गावाचं नाव टाकलं. पडद्यावर एकाखाली एक सात फाइली. सचिव खुर्चीतून पुढं वाकले. त्यांनी वडिलांचं नाव टाकायला सांगितलं.

(सचिवांचा चेहरा. पडद्याचा उजेड.)

खोक्यातल्या सीडी दोन ढिगांत लावलेल्या आहेत. डावीकडच्या झाल्यात. उजवीकडच्या ढिगात सगळ्यात वर आहे ती २०१० ची. अण्णा ती धोतराच्या मऊ कापडानं, मधून बाहेरच्या बाजूला, हलक्या हातानं पुसतात.

"घाल आत. आणि प्रूफ काढल्याशिवाय पुढची घेऊ नको."