वाकळीत लोकर भरायची तर

(दृश्य : बालाघाटच्या पठारावरचं उघडं रान. काढणी झालेल्या वावरात बसवलेली मेंढरं.)

मराठवाड्यातली थंडी कोरडी. परभणीचा पारा डिसेंबर-जानेवारीत कधीकधी 5 अंशांच्याही खाली जातो, आणि त्याच दिवशी दुपारी माणसं सावली शोधत असतात. अशा हवेत पांघरूण असं पाहिजे की पहाटे ऊब धरेल आणि रात्रीच्या पहिल्या झोपेत घाम काढणार नाही. इथल्या घरांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे वाकळ. जुनी लुगडी, धोतरं, फाटकी चादर, एकावर एक थर आणि वरून गच्च धावदोरा. ऐपत असेल तर पिंजलेला कापूस भरून लेप. कापूस इथल्याच काळ्या मातीतला, त्यामुळे लोकरीकडे कुणी फारसं वळलं नाही. लोकर घोंगडीची, कापूस लेपाचा, अशी वाटणी होऊन गेलेली.

भूम तालुक्यात वाकळी शिवणाऱ्या या मावशींकडे मात्र यंदा वेगळी मागणी आली. वाकळ हातशिलाईचीच हवी, पण आत लोकर भरलेली. मावशींचा पहिला प्रश्न अगदी सरळ होता :

“लोकर कुणाची? आपल्या मेंढराची का दुकानातली?”

(दृश्य : मेंढीची लोकर कातरणारे हात.)

आपलं मेंढरू म्हणजे दख्खनी. बहुतेक काळं, काटक, उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालणारं. लोकर वर्षातून दोनदा कातरतात. एका मेंढीची वर्षाची सगळी लोकर गोळा केली तरी किलोभर निघणं कठीण. तंतू जाड. मेरिनो या परदेशी, बारीक लोकरीच्या मेंढीचा तंतू साधारण 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरला, तर दख्खनीचा त्याच्या दुपटीच्या घरात किंवा त्याहून जाड. साधारण 30 मायक्रॉनच्या पुढचा तंतू उघड्या कातडीला टोचतो. घोंगडी का टोचते, ते यातच आलं.

“इकायला नेली तर कातरायची मजुरी निघंना,” मेंढरामागचे आजोबा सांगतात. “लई जण आता माडग्याळ जातीची मेंढरं पाळायलेत. लोकरीची कटकट नाई, मटणाला वजन.”

म्हणजे लोकर भरपूर आहे, असं समजून कुणी निघू नये. जी आहे, तीही अर्धी बांधावर पडते.

मावशी पोत्यात हात घालतात. वरचा झुपका बाजूला सारून तळातला काढतात. हे पाहण्यासारखं आहे. आधी मुठीत गच्च दाबायचं आणि सोडायचं. लोकर हळूहळू फुलून मूळ जागेवर आली पाहिजे. चेंबून राहिली तर तिच्यात जीव नाही, वाकळीतही ती तशीच चेंबणार. मग एक बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ हिसका द्यायचा. टणक आवाज आला तर ठीक. चरचर वाजून तुटली तर ती मेंढी मधे आजारी होती किंवा उपाशी राहिली होती, आणि तेवढ्या काळात वाढलेला तंतू कच्चा राहिला. शेवटी वास. मेंढराचा वास चालतो, कुबट वास चालत नाही. ओली बांधून ठेवलेली लोकर आतून कुजलेली असते.

पोटाची आणि पायाची लोकर त्या सरळ बाजूला टाकतात. तिच्यात लेंड्या, गोखरू, कुसळं. पाठीची आणि खांद्याची तेवढी घेतात. आणि कोकराची पहिली कातरण, जावळ, मिळाली तर तिच्यासाठी वेगळी पिशवी. तीच सगळ्यात मऊ. जावळाच्या घोंगडीला जास्त भाव असतो तो काही उगाच नाही.

(दृश्य : कोमट पाण्यात रिठ्याचा फेस. लोकर दाबली जाते, चोळली जात नाही.)

धुताना चोळायचं नाही. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की हे खवले एकमेकांत अडकतात आणि सगळ्याचा घट्ट थर बनतो. नमदा, म्हणजे न विणता दाबून केलेलं जाड लोकरी अंथरूण, करायचा असेल तर उत्तम, वाकळ करायची असेल तर लोकर वाया. म्हणून कोमट पाणी, रिठा, नुसतं दाबायचं, आणि सावलीत पसरायचं. दख्खनी लोकरीत चरबी कमी, त्यामुळे धुण्यात वजन फार घटत नाही. घट होते ती माती आणि काट्यांची.

पिंजायला मात्र अडचण. गादीवाल्याने लोकर मशीनवर घ्यायला साफ नकार दिला. लांब तंतू रुळाला गुंडाळतात आणि मग सगळं खोलून बसावं लागतं, असं त्याचं म्हणणं. त्याचं चुकलं नाही. मावशी आणि त्यांची सून दोघींनी मग बोटांनीच मोकळी केली. दुपारचं जेवण झाल्यावर बसायच्या, आणि गप्पा संपायच्या आधी टोपली भरायची.

(दृश्य : दुकानातला पांढरा रोल जमिनीवर उलगडला जातो.)

आता दुसरा पर्याय. तयार रोल. परदेशी मेंढ्यांची बारीक लोकर, धुतलेली, पिंजलेली, मशीनच्या सुयांनी टोचून एकसंध केलेली. किंमत ऐकून मावशींनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. पण हाताला लागल्यावर म्हणाल्या, “सुई आपोआप जातीय की हिच्यात.” खरं आहे. हाताने शिवणाऱ्याला लोकरीइतका मऊ थर दुसरा नाही. बारीक तंतूला नागमोडी वळणं जास्त असतात, त्या वळणांमध्ये हवा अडकते, आणि ऊब देते ती हवाच. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही ओली लागत नाही. म्हणून घामट रात्रीही ती अंगाला चिकटत नाही.

रोल घेताना एक खातरी करावी. कोपऱ्यातला चिमूटभर तुकडा चिमट्यात धरून जाळायचा. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो, राख बोटांत चुरते, ज्योत काढली की विझते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक मणी उरतो. लोकर म्हणून पॉलिस्टर गळ्यात मारणारे कमी नाहीत.

किती लागेल? 5 बाय 7 फुटांची वाकळ म्हणजे सव्वातीन चौरस मीटर. चौरस मीटरला 200 ते 300 ग्रॅम धरले तर साडेसहाशे ग्रॅम ते जवळपास एक किलो. घरची लोकर भरायची तर निवडण्याआधी सव्वा-दीड किलो हातात असू द्यावी. तेवढ्याच आकाराचा कापसाचा लेप याच्या कितीतरी पट जड होतो, आणि दोन हिवाळ्यांत त्यात गोळे होतात, हे सांगायला नको.

(दृश्य : मावशींची सुई. टाका अगदी जवळून.)

खरा गुंता पुढेच आहे. मावशींचा हात अर्ध्या इंचावर टाक्यांची ओळ टाकतो. कापडाच्या थरांना तेच हवं, म्हणून तर वाकळ पिढीभर टिकते. पण लोकरीवर इतक्या जवळ ओळी टाकल्या की आतली सगळी हवा निघून जाते. लोकर भरली काय आणि जुनं लुगडं भरलं काय, सारखंच. ओळी लांब ठेवाव्यात तर सुटी लोकर सरकून एका कोपऱ्यात जमते. रोलला 3-4 इंच अंतर चालतं, कारण तो मुळात बांधलेला असतो. घरच्या लोकरीला मावशींनी तीन बोटं अंतर धरलं. माझ्या मते हेच बरोबर.

“हात मागं ओढायलाय,” त्या म्हणतात. “सवय नाई ना येवढं सोडून शिवायची.”

दुसरी अडचण रंगाची. काळ्या लोकरीवर पिवळं जुनं लुगडं घातलं, तर उजेडात आतला काळेपणा डाग पडल्यासारखा दिसतो. विरळ कापडातून तंतू बाहेर डोकावतात ते वेगळंच. म्हणून आत घट्ट विणीच्या सुती कापडाची खोळ, तिच्यात लोकर, आणि त्याच्या वर लुगड्यांचे तुकडे, शक्यतो गडद. खोळीमुळे टोचणंही बरंच कमी होतं. पण पूर्ण जात नाही. तान्ह्या बाळाच्या दुपट्यात दख्खनी लोकर घालू नये, अगदी जावळसुद्धा. तिथे रोल घ्या, नाहीतर धुऊन मऊ झालेली लुगडी आहेतच. त्यांच्याइतकं मऊ दुकानात काही मिळत नाही.

(दृश्य : शिवून झालेली वाकळ दोरीवर, सावलीत.)

ही वाकळ वरचेवर धुवायची नाही. थंडी संपली की झटकून वाऱ्यावर टाकायची, आणि धुवायचीच झाली तर गार पाण्यात, मशीनमध्ये न घालता. लोकरीला कसर लागते. म्हणून पेटीत ठेवताना वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा, आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा पेटी उघडून बघायची.

मागणी दोन वाकळींची होती. थोरल्या माणसांची वाकळ घरच्या काळ्या लोकरीची झाली. दुसरी नातवासाठी हवी होती, तिच्यासाठी मावशींनी रोलच मागवला. पैसे आगाऊ घेऊन.